परांचन पावणाऱ्या बरणीतील पाणी कसे पाहावे

वेग ओसरू लागलेला भोवरा डोलतो, म्हणजे स्वतःभोवती फिरत असतानाच त्याचा आस सावकाश एका शंकूवर फिरू लागतो. या गतीला परांचन म्हणतात. पृथ्वीचा आसही असा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांत पूर्ण करतो. फिरणारी वस्तू भरीव नसून आत द्रव असेल, तर भांड्याचा आस वळतो, पण द्रव त्याच्याबरोबर तंतोतंत वळत नाही. त्यातून निर्माण होणारी हालचाल घरीही पाहता येते.

बरणी पारदर्शक प्लास्टिकची, सरळ भिंतींची आणि सपाट झाकणाची घ्यावी, काच टाळावी. आतील उंची आणि व्यास जवळजवळ सारखे, समजा दहा-दहा सेंटिमीटर असावेत. हे प्रमाण सोयीसाठी सांगितलेले नाही: परांचन संथ असताना अशा दंडगोलातील द्रवाची एक नैसर्गिक लहर परांचनाच्या धक्क्याशी जुळते आणि थोड्याशा कलण्यानेही मोठा प्रतिसाद मिळतो. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ द्रव सोडियमसाठी बांधलेल्या यंत्रातील दंडगोलाचा व्यास आणि लांबीही प्रत्येकी दोन मीटर आहे.

पाणी उकळून थंड करावे, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते. त्यात रेझिनकामात वापरतात ती अभ्रकाची पूड चिमूटभर आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एकच थेंब, फेस न आणता, मिसळावा. बरणी बादलीत पूर्ण बुडवून पाण्याखालीच झाकण लावावे. बुडबुडा राहू देऊ नये, ही या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची अट आहे. कललेल्या बरणीतील बुडबुडा वरच्या बाजूस अडून राहतो आणि प्रत्येक फेऱ्यात पाणी एकदा ढवळतो; परांचनाचा धक्काही नेमका त्याच लयीत बसत असल्यामुळे दोन्हींत गल्लत होते.

मिनिटाला सुमारे ६० फेरे देणारी गिअरची मोटर पाचरीवर तीन अंशांनी कलती बसवून तिच्यावर बरणी घट्ट बांधावी. ही सारी मांडणी एका मोठ्या फिरत्या तबकडीवर ठेवावी आणि मोटरची बॅटरीही तबकडीवरच, समोरच्या बाजूला ठेवावी. तारा गुंडाळल्या जात नाहीत आणि तोलही साधतो.

प्रथम तबकडी स्थिर ठेवून फक्त बरणी फिरवावी. तळ आणि झाकण यांना लागून असलेल्या जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या थरांमार्फत फिरकी आतल्या पाण्यात पोहोचते. बरणीचा वेग गाठायला पाण्याला मिनिटभर लागू शकते. तरीही घाई न करता पाच मिनिटे थांबावे. मग अभ्रकाची चमक एकसारखी दुधी दिसली पाहिजे. नुसते कलणे भरलेल्या बरणीतील पाण्याला जाणवत नाही, त्यामुळे या टप्प्यावर काही सळसळत असेल तर बुडबुडा शोधावा.

आता खोली अंधारी करून, काळ्या पुठ्ठ्यातील अरुंद फटीतून टॉर्चचा प्रकाश बरणीच्या मध्यातून सोडावा आणि तबकडी मिनिटाला तीन फेऱ्यांच्या संथ, सम गतीने फिरवावी. हाताने फिरवल्यास झटके बसतात. शक्यतो दुसरी मोटर वापरावी. पाणी ज्या आसाभोवती फिरते ती मधली सरळ रेषा वाकून लांबट नागमोडी होते. पाचर दहा अंशांची केल्यास ही रेषा काही फेऱ्यांतच विस्कटते आणि चमकीचे बारीक, अनियमित धागे सर्वत्र पसरतात. हा विस्कोट पाहण्यासाठी कलणे टप्प्याटप्प्याने वाढवावे, कारण तो नेमका कुठे सुरू होतो हेच खरे मोजण्याजोगे आहे. तबकडी थांबवली की पाणी हळूहळू पुन्हा दुधी होते. तसे झाल्याशिवाय पुढची फेरी सुरू करू नये.