मदरबोर्ड बदलण्यापूर्वी विंडोजच्या लायसन्सची तयारी

ही सगळी कामे जुना संगणक सुरू आहे तोवरच उरकावीत. डेटाचा बॅकअप घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

आधी लायसन्सचा प्रकार पाहावा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ असे टाइप केले की उघडणाऱ्या छोट्या चौकटीत लायसन्स रिटेल (वेगळे विकत घेतलेले) आहे की ओईएम (संगणकासोबतच आलेले) ते दिसते. ओईएम लायसन्स मूळ मदरबोर्डाशी बांधलेले असते, त्यामुळे बिघडलेला बोर्ड वॉरंटीत बदलून मिळत नसेल, तर नव्या लायसन्सचा खर्च आताच हिशेबात धरावा. रिटेल लायसन्स दुसऱ्या यंत्रावर नेता येते, मात्र एका वेळी एकाच.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे: लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडावे. ही सोय 2016 पासून आहे, तरीही मागच्या वेळी मी ते केले नाही. लायसन्स रिटेल असूनही खाते जोडलेले नव्हते आणि 25 अक्षरांची प्रॉडक्ट की असलेला डबा केव्हाच रद्दीत गेला होता, त्यामुळे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरे कित्येक दिवस पाहून अखेर मला दुसरे लायसन्स विकत घ्यावे लागले. म्हणून खाते जोडावे, आणि जोडले असेल असे समजून पुढे जाऊ नये. सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर नुसते ‘डिजिटल लायसन्स’ एवढेच दिसत असेल तर काम झालेले नाही. त्यापुढे ‘लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ हे शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत. त्या खात्याचा पासवर्ड चालतो का, तेही तपासावे. संगणकाला ओळखता येईल असे नाव द्यावे, कारण पुढे यादीतून तोच निवडायचा असतो आणि ‘डेस्कटॉप’पुढची अगम्य अक्षरे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. खाते जोडल्याखेरीज स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, सुरू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. बोर्ड बदलल्यावर ती मागितली जाते आणि नसेल तर डिस्क उघडत नाही.

नवा बोर्ड बसवून झाल्यावर इंटरनेट लावावे, त्याच खात्याने साइन इन करावे, ॲक्टिव्हेशनच्या पानावरील ट्रबलशूटरमध्ये (अडचण सोडवणाऱ्या साधनात) हार्डवेअर बदलल्याचा पर्याय घेऊन यादीतला जुना संगणक निवडावा. विंडोज नव्याने टाकली असेल तर आवृत्ती तीच हवी, होमच्या लायसन्सवर प्रो चालत नाही. आणि खाते अजून जोडले नसेल तर मदरबोर्ड आज बदलू नये.