स्मार्ट प्लग वायफायला जोडत नसेल तर

फोन झटकन जोडतो, पण पडवीतल्या दिव्याचा किंवा विहिरीवरच्या पंपाचा प्लग काही केल्या जोडत नाही. अशा वेळी प्लग बदलायला धावू नका. स्वस्त प्लग, बल्ब आणि बरेचसे कॅमेरे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालतात. राउटर मात्र २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवत असतो, आणि जोडणी करताना फोन ५ वर बसलेला असला की बरीच ॲप तिथेच अडतात.

राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) ब्राउझरमध्ये उघडा. वायरलेसच्या पानावर ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टिअरिंग’ (दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारी सेटिंग) बंद करून दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. मराठी नाव किंवा इमोजी काही प्लगना झेपत नाही. २.४ साठी रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनल १, ६ किंवा ११, सुरक्षा (पासवर्डचा प्रकार) डब्ल्यूपीए२. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलंत तर जुन्या प्लगना जोडताच येणार नाही. नावं वेगळी करायची सोयच नसेल तर ५ तेवढ्यापुरता बंद करा, प्लग जोडा, मग परत चालू करा.

जोडताना फोन २.४ वर घ्या, मोबाईल डेटा बंद, लोकेशन चालू. प्लगचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय) जरूर करा, पण प्लग त्यावर टाकू नका: गेस्टवरची उपकरणं बहुधा घरच्या नेटवर्कपासून तोडलेली असतात.

आता रेंज. जांभ्या चिऱ्याची जाड भिंत सिग्नल खाते, पावसात ओली झाली की आणखी. त्यामुळे मे महिन्यात नीट चाललेला प्लग जुलैत वायफायवरून सुटू शकतो. राउटर माजघरातल्या कपाटातून काढून पडवीकडच्या खिडकीशी, डोक्याच्या उंचीवर ठेवा. ॲपमध्ये सिग्नल दिसत असेल तर उणे ६५ डीबीएम (सिग्नलचं माप) उत्तम, उणे ७५ च्या खाली भरवसा नाही.

पंपाचं दुखणं वेगळंच. स्टार्टरच्या लोखंडी पेटीत ठेवलेल्या प्लगपर्यंत सिग्नल पोचतच नाही. तो बाहेर, पावसापासून जपलेल्या प्लास्टिकच्या पेटीत हवा. विहिरीपर्यंत तांब्याची लॅन केबल ओढणं टाळा, वळवाच्या विजांत राउटरचे पोर्ट जातात. शिवाय १ एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि प्लगमधल्या रिलेचे (आतल्या छोट्या स्विचचे) पॉइंट चिकटतात. प्लगने फक्त कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा स्विच) चालवावा, मोटर कॉन्टॅक्टरने. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

लाइट गेली की राउटर उठायला दोनेक मिनिटं घेतो, प्लग मागाहून आपोआप जोडतात. पण पंपाच्या प्लगला ‘लाइट आल्यावरची स्थिती’ ही सेटिंग ‘बंद’ ठेवा, नाहीतर रात्री दोनला लाइट आली की कोरड्या विहिरीतही मोटर फिरत राहील.