सिरियल टर्मिनलचा ड्रायव्हर शिकताना

स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेणाऱ्याने पहिला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) सिरियल पोर्टचाच, म्हणजे एका तारेवरून एकेक बिट पाठवणाऱ्या जोडणीचाच, लिहावा, असे मी आग्रहाने सांगेन. पडद्यावर काहीही उमटत नसतानाही कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कुठपर्यंत पोहोचला, हे त्या एका पोर्टवरून कळते. नोकरी सांभाळून, लोकलने येता-जाता मी सिरियल पोर्ट चालवणाऱ्या १६५५० या चिपची माहितीपुस्तिका वाचली आणि रात्री क्यूएमू या आभासी संगणकावर प्रयोग केले.

पीसीवर कॉम-१ या पहिल्या सिरियल पोर्टची रजिस्टरे (चिपमधल्या नियंत्रणाच्या छोट्या जागा) हेक्साडेसिमल ३एफ८ या पत्त्यापासून सुरू होतात. १.८४३२ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला १६ ने भागले की सेकंदाला ११५२०० बिट हा कमाल वेग येतो. या वेगाला ज्या संख्येने भागायचे तो भाजक; ९६०० साठी तो १२ लागतो. तो लिहिण्यापूर्वी लाइन कंट्रोल रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट १ करायचा आणि नंतर आठवणीने शून्य करायचा असतो. मी तो शून्य करायला विसरलो होतो, त्यामुळे पाठवलेले प्रत्येक अक्षर तारेवर न जाता भाजकातच लिहिले जात होते.

आरंभी इंटरप्टच्या, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष वेधणाऱ्या चिपच्या इशाऱ्याच्या, वाटेला जाऊ नये. चिप पुढचे अक्षर घ्यायला मोकळी आहे का, हे स्टेटस रजिस्टरमध्ये पुन्हा पुन्हा पाहून लिहिणे पुरेसे आहे. हे फंक्शन पुढेही जपून ठेवावे, कारण कर्नल कोसळताना संदेश छापायला तेच हाताशी असते.

खरी कसोटी इंटरप्ट सुरू केल्यावर लागते. बफरचे (अक्षरे तात्पुरती साठवण्याच्या जागेचे) लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच वापर करू देणारे कुलूप, धरलेला कोड चालू असताना त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला आणि तो हाताळणारा कोड, म्हणजे हँडलर, तेच लॉक मागू लागला, तर लॉक सोडणारा कोड पुढे सरकूच शकत नाही आणि सगळे जागच्या जागी थिजते. म्हणून लॉक घेण्याआधी त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद करावेत, मात्र अगदी थोड्या वेळासाठी. ११५२०० या वेगाने स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका अक्षराला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे चिपमधली आलेली अक्षरे साठवणारी १६ बाइटांची रांग, फिफो, १.४ मिलिसेकंदांत भरते. त्यानंतरही ती कोणी रिकामी केली नाही, तर अक्षरे हरवतात. अक्षर हरवल्याचे सांगणारा स्टेटस रजिस्टरमधला ओव्हररनचा बिट किती वेळा १ झाला, हे पहिल्या दिवसापासून मोजत राहावे, नाहीतर ही चूक दिसतच नाही.

क्यूएमूमध्ये भाजक चुकला तरी अक्षरे नीट दिसतात, म्हणून खऱ्या यंत्रावर चाचणी हवीच. जुन्या डेस्कटॉपसाठी मी लॅमिंग्टन रोडवर केबल घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदारांनी विचारले, “सरळ हवी की क्रॉस?” दोन संगणक थेट जोडायचे असतील, तर एकाची पाठवण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या तारेला जोडणारी क्रॉस केबलच लागते.

एंटर दाबल्यावर १३ हा कोड येतो आणि युनिक्स पद्धतीच्या प्रोग्रॅमला १० हवा असतो. हा बदल, बॅकस्पेस आणि कंट्रोल-सी यांची कामे ड्रायव्हरमध्ये न घालता त्याच्यावरच्या वेगळ्या थरात ठेवावीत. मी पुढे कीबोर्डचा ड्रायव्हर लिहिला, तेव्हा हा थर जसाच्या तसा वापरता आला.