शेंडेमर आलेल्या गावात लिंब पुन्हा कसे लावायचे

पोळ्याला हिरवंगार असलेलं कडुलिंबाचं झाड दिवाळीपर्यंत वरून भाजल्यासारखं दिसायला लागलं की समजायचं शेंडेमर आलीय. कुणी म्हणतं मोबाईलच्या टॉवरमुळं झालं, कुणी म्हणतं जमिनीतलं पाणी गेलं. खरं कारण म्हणजे फोमॉप्सिस नावाची बुरशी, ती पावसाच्या थेंबांनी, किड्यांमुळं अन् बियातूनसुद्धा पसरते, त्यात ढेकण्या किडीनं कोवळे शेंडे टोचले तर अजून वाळतात. २०२१-२२ ला शेजारच्या तेलंगणात याच्यामुळं लिंबच्या लिंब तपकिरी पडले होते. आमच्याकडच्या माळावर दिसायला लागलं तेव्हा आम्ही पाच-सहा जण लागलो कामाला, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे झाड तोडू नका. आम्ही घाईत दोन लिंब पाडले अन् शेजारचा तसाच वाळलेला तिसरा फाल्गुनात फुटला, तेव्हा डोक्यावर हात मारून घेतला. फांदीची साल नखानं खरवडा, आत हिरवं ओलं दिसलं तर जीव आहे. अन् माघ-फाल्गुनातली पानगळ म्हणजे रोग नाही हां, ती दरवर्षीचीच, पाडव्याला तोंडात घालायची ती तांबूस पालवी त्याच्यानंतरच येते. शेंडेमर पाहायची तर पावसाळा सरल्यावर पाहायची.

वाळलेल्या फांद्या कोरड्या दिवसात, हिरव्या भागात वीतभर आत जाऊन कापा, कात्री दर झाडाला स्पिरिटनं पुसा, कापलेलं सगळं जाळून टाका. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा, जालन्याकडच्या मोसंबीवाल्यांना शिकवायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या बादलीत कालवून मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

आता मुद्द्याचं. रोपं कुठली लावायची? बहुतेक वृक्षारोपणात मिळेल तिथून रोपं आणतात, खड्डे खणतात, फोटो काढतात अन् विषय संपतो. अमेरिकेत चेस्टनट नावाचं झाड होतं, १९०४ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणीसंग्रहालयात त्याच्यावर बाहेरची बुरशी सापडली अन् पुढच्या पन्नासेक वर्षात तीनशे-चारशे कोटी झाडं गेली. तिथले स्वयंसेवक आजही जंगलात वाचलेली झाडं हुडकतात, फुलांना पिशव्या बांधून हातानं परागीकरण करतात, त्यांचं काम पिढ्यांचं आहे. आपला लिंब तेवढा संकटात नाही, बरेच लिंब पुन्हा फुटतात. पण त्यांची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, बी घ्यायचं ते रोगात उभ्या राहिलेल्या झाडाचं.

त्यासाठी दिवाळीनंतर शिवारात फिरा अन् आजारी झाडांच्या मधे हिरवं राहिलेलं झाड शोधा. एकटंच कुठंतरी बांधावर हिरवं आहे त्याला काही अर्थ नाही, त्याच्यापर्यंत रोग पोचलाच नसेल. झाडाला नंबर द्या, फोनमधे लोकेशन टाका, सलग दोन-तीन वर्षं बघा, कारण एका वर्षाचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. अशी दहा-पंधरा झाडं तरी लांब लांबची पाहिजेत, एकाच झाडाच्या लिंबोळ्यांनी माळ भरला तर सगळ्या सख्ख्या भावंडांना एकदमच रोग लागायचा. अन् असं झाड रोग सहन करतंच याची गॅरंटी नाही, फक्त शक्यता जास्त, म्हणून पुढची निवड रोपातच करायची.

लिंबोळ्या जून-जुलैमधे. पिवळ्या झाल्या की झाडाखाली जुनी साडी अंथरून फांद्या हलवा, मातीत सडलेल्या गोळा करू नका. गर त्याच दिवशी बादलीत चोळून काढा, तरंगणाऱ्या फेकून द्या, बाकीच्या सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. लिंबोळी म्हणजे काय ज्वारी नाही कणगीत भरून ठेवायला, तिची उगवणशक्ती झपाट्यानं जाते, दोन आठवड्यात पेरून मोकळं व्हा. रोग बियातून येतो म्हणून पेरण्याआधी कार्बेन्डाझिम किलोला २ ग्रॅम चोळा, हातमोजे घालून.

पिशवीत माती, वाळू, कुजलेलं शेणखत, बी एक-दीड सेंटीमीटर खोल. आठ-पंधरा दिवसात उगवतं, कधी तीन आठवडे लागतात. पाणी बेतानं, पिशव्या खेटून ठेवू नका, महिन्यातून एकदा जागेवरून हलवा नाहीतर सोटमूळ खाली जमिनीत घुसतं. ज्याचा शेंडा वाळला ते रोप पिशवीसकट काढून जाळायचं, औषध मारून वाचवत बसायचं नाही, मन घट्ट करायचं. आमच्या पहिल्या खेपेत निम्मी अशीच गेली, बायका म्हणाल्या एवढ्या मेहनतीचं जाळता कशाला. पण हीच तर निवड आहे.

लावायची पुढच्या जूनमधे, वर्षाची झाल्यावर. दीड फुटाचे खड्डे मे महिन्यातच खणून तापू द्या, दोन चांगले पाऊस झाले की लावा. मुरमाड माळ लिंबाला आवडतो, काळ्या रानात पाणी साचतं तिथं लावू नका. अन् सगळे लिंबच लावू नका, मधे हिवर, बोर, पळस, करंज घाला म्हणजे रोगाला एका लिंबावरून दुसऱ्यावर जायला सोपं जाणार नाही. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, वनखात्याची जमीन असेल तर आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांची लेखी परवानगी, हे आधी करा, रोपं लावल्यावर नाही.

लिंब कडू म्हणून शेळ्या खात नाहीत असं कुणी म्हणलं तर त्याला शेळ्या पाळायला लावा. बोरी-बाभळीचं काटेरी कुंपण प्रत्येक रोपाला पाहिजेच. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं, बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं रोपाजवळ पुरा, टँकरच्या पाण्यात हेच परवडतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती नंबराची. कुठलं रोप कुठल्या झाडाचं हे कळलंच नाही तर तीन वर्षांनी कुठली आई चांगली निघाली हे कसं सांगणार? आम्ही पिशवीवर मार्करनं लिहिलं, उन्हानं पुसलं, शंभरेक रोपं निनावी झाली. आता कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पट्ट्या कापून त्यावर खिळ्यानं नंबर कोरतो अन् तारेनं ढिल्या बांधतो, एक यादी वहीत, दुसरी शाळेतल्या गुरुजींकडं.