पद्मिनी एकदम खोलू नका

जुनी गाडी हौसेनं हाती घेणारे बहुतेक जण पहिल्याच महिन्यात ती पूर्ण उघडून बसतात. इंजिन खाली, सीटा बाहेर, वायरिंग गोणीत. मग लेथवाल्याकडे नंबर लागत नाही, पेंटर गावाला गेलेला असतो, आणि कुठला बोल्ट कुठल्या डब्यात ठेवलाय हे ज्याला माहीत होतं तो पोरगा काम सोडून जातो. नाशकात ताडपत्रीखाली अर्धवट पडलेल्या फियाट मी बऱ्याच पाहिल्यात. माझ्याकडे सासऱ्यांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाटच, आहे आणि तिच्यासाठी एकच नियम: वर्षाला एक काम, आणि दिवाळीला गाडी रस्त्यावर.

पहिलं वर्ष ब्रेकचं. इंजिनाचा मोह आवरा. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेकची लाइन एकच. कुठल्याही एका व्हील सिलिंडरला गळती लागली की पेडल थेट तळाला. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही चाकांच्या सिलिंडरचे रबरी किट आणि रबरी होज एकत्रच बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा ते दर दोन वर्षांनी बदलायचं. आणि दुकानदार ‘जुना ओरिजिनल माल, पॅकबंद’ म्हणून रबराचं किट पुढे करेल, ते घेऊ नका. पत्र्याचा, काचेचा, क्रोमचा जुना माल डोळे झाकून घ्यावा. रबर मात्र पाकिटातसुद्धा म्हातारं होतं.

नंतर पत्रा. एक चुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ यांवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग कार्पेट उचलून स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दाराखालची पट्टी सडली असेल तर ती कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पाइप वेल्ड करून घ्यायला सांगा. नाहीतर गाडी मधून किंचित बसते आणि नंतर दारं लागत नाहीत. मी वेल्डरच्या शेजारी स्टूल टाकून बसते. प्रत्येक टाक्यानंतर दार लावायचं आणि फटीत पाच रुपयांचं नाणं वरून खाली सरकवायचं. अडकलं तर थांबायचं. आमचे वेल्डर उस्ताद आधी हसले होते, आता स्वतःच नाणं मागतात. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, वरून ठिगळ मारायचं नाही. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना, तेही बघा. नाशिकच्या चार महिन्यांच्या पावसात निम्मा गंज तिथूनच सुरू होतो.

वायरिंगमध्ये क्रम चुकवू नका. आधी बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी अल्टरनेटर, मगच हॅलोजन आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन. डायनॅमो सिग्नलला गाडी उभी असताना धड चार्ज करत नाही, त्याच्यावर हे सगळं लादलं तर नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्येच बॅटरी बसेल. साठ वॅटचे दोन दिवे म्हणजे दहा अँपिअर. एवढा करंट जुन्या स्विचमधून नेला की स्विच वितळतो. रिले (मोठा करंट वेगळ्या वायरनं नेणारा स्विच) लावा, फ्यूज लावा, अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत करा. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत, आणि दिव्याच्या होल्डरपाशीही त्याच्या जवळपास. तिथे बारापेक्षा कमी दिसले तर दोष बल्बचा नाही.

उन्हाळ्यात कसारा घाट चढताना पद्मिनी बंद पडली की लोक इंजिनाला लागलेल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकतात. इंजिनाच्या उष्णतेनं लाइनमधल्या पेट्रोलची वाफ होते, म्हणून तो उपाय चालतो. पण कायमचा इलाज म्हणजे लाइन एक्झॉस्टपासून लांब घेणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. रेडिएटरची जाळी साफ करून घ्या आणि त्यात बोअरचं पाणी कधीच घालू नका, क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा इंधनाचे सगळे जुने होज आणि इंजिनावरच्या पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्या. मिश्रण पातळ होऊन इंजिन धक्के देत असेल तर कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं भोक, थोडा मोठा करावा लागतो. उभी राहणारी गाडी टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते.

इंजिन? कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरला सारखं असेल आणि धूर नसेल तर त्याला हात लावू नका. खरंच.

सुट्या भागांचं आता अवघड होत चाललंय. ही गाडी बनायची कुर्ल्याला आणि मुंबईत तिच्या टॅक्स्या होत्या तोवर माल फिरत होता. २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटर, काचांचे रबर दिसतील तेव्हा घेऊन ठेवा. काढलेला एकही जुना भाग भंगारात देऊ नका. नवीन लावताना बॉडीला भोक पाडावं लागत असेल तर मी ते लावतच नाही. त्याला कारण आहे: पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, पण बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. अर्थात ती घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, त्यामुळे २०३४ला आमच्या घरात भांडण ठरलेलंच आहे.

रंग सगळ्यात शेवटी, आणि पावसाळा सोडून. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. आरसी बुकातलाच रंग द्या, बदलायचा असेल तर आधी आरटीओत अर्ज करा.

प्रत्येक कामानंतर पहिली फेरी त्र्यंबक रोडला, सकाळी, जवळच. घाटात पुढच्या आठवड्यात. डिकीत फॅनबेल्ट, प्लग, पाना, पाच लिटर पाणी, आणि इग्निशनचे कंडेन्सर दोन घ्या, कारण हल्लीच्या नव्या कंडेन्सरवर माझा भरवसा नाही.