लाकडी स्टिअरिंगचं सुटलेलं पॉलिश

नार्डी या इटालियन कंपनीचं महोगनी लाकडाचं गाडीचं स्टिअरिंग. हाताच्या जागी पॉलिशचे पापुद्रे निघालेले, जोडावर केसाएवढी भेग. पेंट रिमूव्हर टाळला. तो जोडात मुरला की नवं पॉलिश तिथेच फुगतं. स्क्रॅपरने खरवडून 180, 240, 320 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेतच. आडवा ओरखडा व्हार्निशखाली ठळक दिसतो.

भेगेत पातळ इपॉक्सी गोंद मुरवून वर सायकलची ट्यूब ताणून गुंडाळली, 24 तास. मधे प्लास्टिक हवंच, नाहीतर ट्यूबही चिकटते! ॲल्युमिनियमच्या आऱ्यांना मास्किंग टेप.

उन्हातले यूव्ही किरण रोखणाऱ्या मरीन (बोटींसाठीच्या) व्हार्निशचे 6 हात, पहिला निम्मं टर्पेंटाइन घालून. दोन हातांमध्ये 24 तास आणि 400चा पेपर हलकेच. जाड हाताने रिमखाली थेंब लोंबतात. शेवटी दोन आठवडे गाडी बंद. वरून कोरडं वाटलं तरी बोटांचे ठसे उमटतात.