लेऑफनंतरचे ६० दिवस : एच-१बी वर असताना

अमेरिकेत एच-१बी वर, म्हणजे कंपनीमार्फत मिळालेल्या कामाच्या व्हिसावर, असताना नोकरी गेली की दोन प्रश्न एकमेकांत गुंततात. पुढचं काम कुठे मिळणार, आणि इथे राहायची मुभा किती दिवस. माझा लेऑफ झाला तेव्हा झोप उडवली ती या गुंत्याने. मुलाखतीत समोरचा सिस्टम डिझाइन विचारत असे आणि माझ्या डोक्यात घरभाडं, मुलीची शाळा, विमानाची तिकिटं. म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की हे दोन प्रश्न आधी सुटे करा. ताण जात नाही, पण पेलण्याइतका होतो.

आधी व्हिसाचा प्रश्न घ्या, कारण त्याला नियमांत उत्तरं आहेत. २०१७ पासून नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पिरियड, म्हणजे इथे राहायची सवलतीची मुदत, मिळतो. आय-९४ ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची) मुदत त्याआधीच संपत असेल तर तेवढेच दिवस. शनिवार-रविवार धरूनच मोजायचं, आणि मोजणी साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ती रक्कम) मिळाला म्हणून मुदत वाढत नाही. त्यामुळे एचआरकडून सगळ्यांत आधी कामाचा शेवटचा दिवस लेखी घ्या. मला बैठकीत एक तारीख सांगितली गेली आणि पत्रात दुसरीच आली. तो खुलासा होईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले.

मग स्वतःचा इमिग्रेशन ॲटर्नी गाठा. कंपनीचा वकील कंपनीचं हित पाहतो. हातात पगार नसताना सल्ल्याची फी जड वाटते, तरीही ती द्यावी असं माझं ठाम मत आहे. रात्री जागून दुसऱ्यांच्या कहाण्या वाचत बसण्याने भीती वाढते. आपल्या कागदांवर बोट ठेवून कुणी बोललं की ती उतरते. ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असेल तर आय-१४० बद्दल, म्हणजे कंपनीने त्यासाठी केलेल्या अर्जाबद्दल, नक्की विचारा. ते मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर केवळ कंपनीने मागे घेतलं म्हणून ते रद्द होत नाही. हे कळलं तेव्हा मला किती हलकं वाटलं, सांगता येत नाही.

सगळ्यांत कठीण बोलणं घरातलं होतं. नवऱ्याचा एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) आणि त्याचं वर्क परमिट दोन्ही माझ्याच स्टेटसवर टेकलेलं. आम्ही बसून एक दिवस ठरवला: तोवर ऑफर नसेल तर मुदतीच्या आत आय-५३९ (स्टेटस बदलायचा अर्ज) भरून बी-२, म्हणजे पर्यटकाचा दर्जा, मागायचा, आणि तेही जमलं नाही तर भारतात परतायचं. बी-२ चा अर्ज प्रलंबित असताना काम करता येत नाही, म्हणून तेवढ्या महिन्यांच्या खर्चाचा हिशेबही मांडला. परतण्याबद्दल मोठ्याने बोललो आणि त्यातली धास्ती निम्मी झाली. एच-१बी ची मुदत संपण्याआधी कंपनीनेच काढलं असेल तर एच-१बी कर्मचाऱ्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देणं तिच्यावर बंधनकारक असतं. कुटुंबाचा मात्र नाही.

आई-बाबांनाही लगेच सांगितलं. लपवायचं तर रोज खोटं बोलावं लागतं, आणि ती ताकद मुलाखतींना हवी असते. काही मैत्रिणींनी महिनोन्महिने घरी कळू दिलं नाही. त्यांची घालमेल मी जवळून पाहिली आहे.

आरोग्यविमा विसरू नका. कोब्रा (जुन्या कंपनीचाच विमा पुढे चालू ठेवायची सोय) घ्यायचा की नाही हे ठरवायला किमान ६० दिवस मिळतात आणि घेतला तर तो विमा तुटल्या दिवसापासून लागू होतो. पूर्ण हप्ता आपणच भरायचा असल्याने तो महाग पडतो. मन अगदीच काळवंडलं, जीव नकोसा वाटला, तर ९८८ या क्रमांकावर फोन किंवा मेसेज करा. ही सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही.

व्हिसाचं एवढं मार्गी लागल्यावर नोकरीचा शोध मोकळ्या डोक्याने करता आला. नव्या कंपनीची पिटिशन (आपल्यासाठी केलेला एच-१बी चा अर्ज) मुदतीत दाखल होणं पुरेसं असतं; ती पोचली की मंजुरीआधीही काम सुरू करता येतं. त्यामुळे मी रिक्रूटरला पहिल्याच फोनवर माझी शेवटची तारीख सांगायचे. काहींनी तिथेच नकार दिला, आणि तो लवकर कळला हे बरंच झालं. ज्यांना खरोखर माणूस हवा होता त्यांनी मुलाखतीच्या फेऱ्या लागोपाठ लावल्या आणि ऑफरआधीच माझे आय-७९७ (व्हिसा-मंजुरीचे कागद) आणि पगाराच्या पावत्या मागवून घेतल्या. त्या पावत्या कंपनीचा लॅपटॉप परत करण्याआधीच स्वतःकडे उतरवून ठेवा. नंतर पोर्टल बंद होतं.